भूल द्यायला कोण येणार?

मंडळी, एमबीबीएसनंतरच्या पीजीसाठी उद्या शाखांचा पसंतीक्रम द्यायचाय. माझी पहिली पसंती स्त्रीरोगच होती. नारायणगावातल्या माझ्या दवाखान्याची पाटी पप्पांनी मनात कधीच रंगवून ठेवलीय.

आज दुपारी जुन्नरला, जिथं मी इंटर्नशिप करतेय, तिथं एका बाईच्या सिझरची तयारी झाली आणि आम्ही सगळे नुसते थांबलो. भूलतज्ज्ञ पुण्याहून येताना घाटात अडकले होते.

बाईची सासू मला म्हणाली, "यवढे डॉक्टर हायेत, मग थांबलाय कशापायी?"

मी भूलतज्ज्ञांना परत फोन लावला. शेवटी ते पोचले, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

घरी येऊन मी भूलशास्त्र पहिलं लिहिलं. पप्पा वैतागले, "पोरी, भूल देणाऱ्याला कोण वळखतं?"

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालंच असेल. भूल कोणी दिली होती? नाव सांगा बघू.