अकरा किलो

मार्च महिन्याची दहा तारीख. आकडा अकरा किलो. हजर चौघे: मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि ठाण्याच्या इस्पितळातले डॉक्टर.

भावाचं यकृत जुन्या काविळीने निकामी झालं होतं. त्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी काल्हेरच्या ज्या गोदामात तो सुपरवायझर होता तिथे लोक वेगळंच बोलत. नवं यकृत बसवण्यावाचून इलाज नव्हता आणि त्यासाठी घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला हवा होता. भावजयीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, पण माझ्या तपासणीत यकृतावर चरबी निघाली.

"असं यकृत आम्हाला घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "अकरा किलो वजन उतरवा. भात, साखर, तळलेलं बंद. रोज तासभर चाला. अडीच महिन्यांनी पुन्हा तपासू."

"आणि तोवर यांचं काय?" भावजयीने विचारलं.

"तोवर औषधं."

माझं वजन तेव्हा एक्याण्णव होतं. बावन्न वर्षांत मी कसलंही पथ्य पाळलेलं नव्हतं. आमचं मूळ गाव वज्रेश्वरीकडचं, भाताचं. ताटात भात नसला तर जेवण झाल्यासारखं आम्हाला वाटत नाही. बायकोने मला एकट्याला वेगळं वाढायला नको म्हणून पहिले आठ दिवस घरात कुणासाठीच भात शिजवला नाही. नाचणीची भाकरी, दुधीची भाजी, मोडाचे मूग, काकडी. मी ज्या सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो तिथे चार वाजता वडापाव येतो. त्या वेळी मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

"काय साहेब, या वयात कुणाला दाखवायचंय?" बरोबरीचा कारकून विचारायचा. "घरी वहिनींना माहीत आहे ना?"

भावाच्या आजाराचं बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं होतं, म्हणून मी नुसता हसायचो.

पहाटे ट्रकची गर्दी व्हायच्या आत मी चालायला निघायचो आणि धामणकर नाक्याला वळसा घालून परत यायचो. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना बसून उतरलो. भावाला चालवत नसे, तरी तो रिक्षाने नाक्यावर यायचा आणि चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून माझी वाट बघायचा.

"दादा, माझा माल तुझ्या गोदामात पडून आहे," तो म्हणायचा. "चरबीत भिजवू नकोस."

"माल अजून माझा आहे. डिलिव्हरी झालेली नाही."

"मग पाय उचल की. ट्रक दारात लागलाय."

चहावाला उत्तरेकडचा. त्याला आमच्या बोलण्यातलं निम्मं कळत नसावं. "बडे भाई, आप चलो," तो म्हणायचा, "छोटे को हम देखते हैं." भावासाठी तो बिनसाखरेचा, अगदी फिका चहा वेगळा करायचा.

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात वजनकाटा होता. दर रविवारी आम्ही दोघे त्यावर उभे राहायचो. एप्रिल संपला तेव्हा माझे आठ किलो उतरले होते. त्याच रविवारी भावाचं वजन तीन किलोने वाढलेलं दिसलं. मला बरं वाटलं. त्याला त्याच्या घरी सोडायला गेलो तेव्हा मी भावजयीला सांगितलं, "तुझ्या हातचं अंगी लागतंय त्याच्या. तीन किलो वाढलाय."

ती भांडी घासत होती. हात धुऊन आली आणि भावाची पँट तिने घोट्यावरून वर केली. घोट्यावर तिने बोट दाबलं. बोट काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला.

"पाणी आहे ते, दादा," ती म्हणाली. "पोटातही आहे. त्यांनी तुम्हाला सांगू दिलं नाही. म्हणाले, दादाच्या चालण्यात खंड पडेल."

त्यानंतर मी संध्याकाळीही चालायला लागलो. मे महिन्याच्या उन्हात, यंत्रमागांच्या गल्ल्यांतून, सुताची पिंज घामाला चिकटायची. रात्रीची भाकरी अर्धी केली. चक्कर आली एकदोनदा, ती बायकोपासून लपवली.

मेच्या अखेरीस पुन्हा तपासणी झाली. वजन ऐंशी. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. "चरबी गेली. हे यकृत आम्ही घेऊ," ते म्हणाले. पण भाऊ त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर तीन दिवसांपासून होता. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. ताप उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नव्हतं.

मी वर गेलो. त्याने डोळे उघडून माझ्या ढगळ शर्टाकडे बघितलं.

"किती झालं?"

"ऐंशी."

"म्हणजे अकरा पुरे?"

"पुरे अकरा."

"बरं झालं," तो म्हणाला. "तुझं तरी झालं."

ताप उतरला नाही. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला. रोज माझी चालायला निघायची वेळ असायची ती.

सुतकाच्या दिवसांत गावाहून काका आले. मला बघून त्यांनी माझा दंड चाचपला. "भावाच्या दुःखानं पार वाळलास रे," ते म्हणाले. "असं करून कसं चालंल? दोन्ही घरं तुलाच बघायची हायेत."

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. गेलेल्याच्या थोरल्या भावाने गोड खाल्ल्यावर घरातल्यांनी खायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. काकांनी माझ्या पानात बुंदीचा लाडू ठेवला. तीन महिन्यांत साखरेचा कण मी तोंडात घातला नव्हता. हात पुढे होईना.

"राहू दे ना काका," भावजय म्हणाली. "दादांनी ते यांच्यासाठी सोडलं होतं."

"म्हणून तर आता खायचं," काका म्हणाले.

समोर भावाची नऊ वर्षांची मुलगी पान घेऊन बसली होती. मी खाईपर्यंत तिला खाता येणार नव्हतं. ती लाडवाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी लाडू मोडला आणि खाल्ला. मग तिने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि मी सवयीने नाक्यावर गेलो. चहावाल्याने मला बघून भांड्यात फिका चहा वेगळा ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखं तो ओतून टाकला. मिठाईचं दुकान उघडेपर्यंत मी बाकड्यावर बसलो. तेराव्याला उधारीवर आणलेल्या पाच किलो लाडवांचे बाराशे रुपये मिठाईवाल्याला दिले आणि चालत घरी आलो.