तळघरातून गेलेला फोन

मी गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेणारी इंजिनिअर. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठून जाणाऱ्यांपैकी. म्हणूनच हे लिहायला वर्ष लागलं...

आम्ही फ्रँकफुर्टजवळ र्युसेल्सहाइमला राहतो - मी आणि माझा नवरा निखिल. गेल्या उन्हाळ्यात नामिबियाच्या सफारीचं ठरवत होतो. मोठं रिसॉर्ट नको होतं. तिथे उत्तरेला एका गावाच्या मालकीचं राखीव जंगल आहे, कॅम्पही गावकरीच चालवतात. बुकिंग पेट्रिना नावाची बाई बघायची. तिच्याशी दोन-तीनदा फोनवर इंग्लिशमध्ये बोलणं झालं होतं; आम्हा दोघांचेही नंबर तिच्याकडे होते. "कडक सुटकेस नको, मऊ बॅगा आणा, जीपमध्ये जागा नसते," असं तिने बजावलं होतं.

त्या बॅगा आणायला शनिवारी दुपारी मी केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरात उतरले. निखिल किराणा आणायला फ्रँकफुर्टला गेलेला. मागे लोखंडी दार आपोआप लागलं. बॅगा घेऊन परत आले, हँडल फिरवलं... आणि ते हातातच आलं! तेवढ्यात टायमरवरचा दिवाही गेला. त्याचं बटण बाहेर.

मोबाइलला रेंज नाही. इमर्जन्सी नंबरही लागेना. दार बडवलं, "हॅलो! हिल्फऽ!" असं जर्मनमध्ये मदतीसाठी ओरडले. सुट्ट्यांचे दिवस, अर्धी बिल्डिंग रिकामी. तासाभरात बॅटरीही संपली. मग मात्र धीर सुटला. श्वास पुरेना. दाराला टेकून बसले आणि मराठीतच रडत राहिले, "मी खाली आहे... दार उघडा कोणीतरी..."

किती वेळ गेला कळलं नाही. एकदम बाहेरून निखिलची हाक आली. दार उघडल्यावर मी त्याला घट्ट धरलं.

"तुला कसं कळलं?"

"पेट्रिनाचा फोन आला. म्हणाली, तुमच्या बायकोने फोन केला होता, रडत होती, कुठेतरी अडकलीय, लवकर जा."

"अरे, रेंजच नव्हती! मी कोणालाही फोन केला नाही."

"तिला शब्द कळले नाहीत. पण ऐकले तसे म्हणून दाखवले. 'मी खाली आहे'... मराठीत, अनू."

वर जाऊन फोन चार्ज केला. त्या दुपारी माझ्या फोनवरून एकही कॉल गेलेला नव्हता.

महिन्याभराने आम्ही कॅम्पवर पोचलो. पेट्रिना साठीची, हसऱ्या चेहऱ्याची. तिने माझे हात हातात घेतले. मग तिने आपला फोन दाखवला. माझाच नंबर, तीच दुपार, चार मिनिटं.

"आणि ती दुसरी?" तिने विचारलं. "तिलाही काढलंत ना?"

"कोण दुसरी?"

"तुझ्या मागे रडत होती ती. ती तुझ्या भाषेत बोलत नव्हती. जर्मन बोलत होती, मला थोडं समजतं. एकच म्हणत होती - मिश आउख."

मिश आउख. म्हणजे, मलाही.

परत आल्यावर मी हाउसमायस्टरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याला, केलरचा प्रत्येक कप्पा उघडायला लावला. सायकली, जुने टायर, स्की... बस. निखिल म्हणतो, लाइनची काहीतरी गडबड. असेल. पण चार तास अंधारात मी एकटीच होते, एवढं मला पक्कं माहीत होतं; आता तेही नाही.

दाराला नवं हँडल बसलंय. तरी येता-जाता मी दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा घालून ते उघडं ठेवते. शेजारी चिडतात, आगीच्या नियमात बसत नाही म्हणतात, तुकडा काढून टाकतात.

मी पुन्हा घालते.