मावशी काहीतरी बोलतात

प्रसूती विभागात एकतीस वर्षं सगळे त्यांना मावशीच म्हणत. डॉक्टर म्हणत, सिस्टर म्हणत, लिफ्टवाला म्हणे, आणि कळा सोसणाऱ्या बायका तर ओरडून म्हणत. सख्खी भाची एकच होती आणि ती फोन उचलत नसे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुकरची शिट्टी वाजली की त्यांच्या तोंडून "आले गं" निघायचं, आणि मग त्या आपल्याशीच ओशाळून गॅस बारीक करायच्या.

रस्त्यात कधी ओळखीचे चेहरे दिसत. हिचा मुलगा पायाळू, हिला जुळं, असं मावशींना चटकन आठवे. बायका मात्र मान वळवून पुढे जात. गडबडीत असतील बिचाऱ्या, अशी मावशी आपली समजूत घालत.

अशात रुग्णालयातून बोलावणं आलं. तिथल्या सिस्टर नाटक बसवत होत्या. बाळंतपणात आपल्याला इथं कसं वागवलं गेलं, ते बायकांच्या तोंडून ऐकून, नाव न सांगता, जसंच्या तसं करून दाखवायचं. बघणारे इथलेच डॉक्टर, सिस्टर आणि मावश्या. प्रसंग संपला की त्यांनाच विचारायचं, इथं वेगळं काय करता आलं असतं? नाटक बसवणाऱ्या ताई बाहेरच्या होत्या. त्यांना जुनं टेबल, तामचिनीची भांडी आणि हिरव्या चादरी हव्या होत्या, आणि ते सगळं कुठल्या कपाटामागे पडलंय हे मावशींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

तालमीला मावशी सभागृहात मागच्या खुर्चीवर चादरींच्या घड्या घालत बसल्या. नाटकात बाळंतीण झालेली उंच सिस्टर टेबलावर आडवी झाली, तर तिचे पाय बाहेर लोंबायला लागले.

"अगं, तू बाळंतीण आहेस की शिडी?" नाटकात मावशीचं काम करणारी बुटकी सिस्टर म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

बुटकीची मात्र एका जागी गाडी अडायची. जिची ही गोष्ट होती तिनं ताईंना सगळं सांगितलं होतं, पण मावशी काय बोलल्या ते सांगायला साफ नकार दिला होता. म्हणून ताईंनी वहीत एवढंच लिहिलं होतं: मावशी काहीतरी बोलतात. तिथं आली की बुटकी नुसती पुटपुटायची.

"मला नाही सुचत, ताई. मी कुठं एवढी दुष्ट?"

"घरी सासूला विचार ना," उंच सिस्टर टेबलावरून म्हणाली, आणि खरोखरीची कळ आल्यासारखी किंचाळली.

तोच मागून आवाज आला, "गप पड! तुझ्याआधी या टेबलावर हजार जणी येऊन गेल्या, एकीनं एवढा तमाशा केला नाही. तूच काय जगावेगळी बाळंत होतेयस?"

मावशींनी मान वर केली तर सगळ्या त्यांच्याचकडे बघत होत्या. आपण कधी बोललो हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. मग टाळ्या वाजल्या.

"मावशी, कमाल केलीत!" ताई म्हणाल्या. "आता हे वाक्य तुमचं."

पुढचा प्रसंग सुरू झाला. बाई नाटकातल्या मावशीच्या डगल्याचा खिसा धरते. मावशी तिची बोटं एकेक करून सोडवते, खिसा फाटतो, मावशी निघून जाते. दोन तास कुणीही फिरकत नाही. शेवटी उंच सिस्टर उठून बसली आणि त्या बाईचे शब्द म्हणाली, "मुलगी छान झाली. पण दुसऱ्या मुलाचा मी विचारच केला नाही."

मावशींनी हातातली चादर मांडीवर ठेवली. मघाचं ते वाक्य त्या किती जणींना बोलल्या असतील याची गणती नव्हती, पण खिसा एकीनंच फाडला होता. घरी येऊन त्यांनी तो शिवला होता आणि शिवताना त्या बाईलाच लाखोली वाहिली होती.

जिची गोष्ट, तिला प्रयोगाआधी सगळा प्रसंग वाचून दाखवायचा, हा ताईंचा नियम होता. त्या दुसऱ्याच दिवशी जाणार होत्या. मावशींनी त्यांना पायऱ्यांवर गाठलं.

"ताई, ते वाक्य मला सुचलेलं नाही."

"म्हणजे?"

"तो खिसा माझा होता."

ताईंनी हातातली वही मिटली.

"मला न्या तिच्याकडे. पाय धरते तिचे," मावशी म्हणाल्या.

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय मी. पण विचारते. ती हो म्हणाली, तर नेते."

दुसऱ्या दिवशी मावशींनी खोली दोनदा झाडली. भेटल्यावर काय बोलायचं ते ओट्यापुढे उभं राहून घोकलं. कसंही बोललं तरी मनातली ती बाई शेवटी "असू दे, मावशी" म्हणायची, आणि मावशींना जरा हलकं वाटायचं.

संध्याकाळी फोन आला.

"वाक्य तिला वाचून दाखवलं," ताई म्हणाल्या. "मग म्हणाली, अगदी हेच. शब्द इकडचा तिकडे नाही."

"मग येऊ ना मी?"

"नको म्हणाली, मावशी. म्हणाली, त्या माफी मागतील, मग मला 'असू दे' म्हणावं लागेल. मला ते म्हणायचं नाही."

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग वाक्य काढायचं का?"

"नाही. ठेवा म्हणाली. आणि तुम्हीच म्हणायचं. मोठ्यानं, म्हणाली."

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. मावशी मोठ्यानं म्हणाल्या. प्रसंग संपला आणि ताईंनी ठरलेला प्रश्न विचारला. पहिल्या रांगेत नुकतीच कामाला लागलेली एक तरुण मावशी होती. ती म्हणाली, "नाटकात जरा तिखटमीठ लावतातच. असं खरंच कोण बोलतं?"

ताई वहीत बघत राहिल्या. नाव सांगायचं नाही हा शब्द त्यांनी मावशींच्या बाबतीतही पाळला.

"मी बोलले," मावशी म्हणाल्या. "याच टेबलापाशी."

चहाच्या वेळी मावशींच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. उंच सिस्टर एकदा त्यांच्या दिशेनं निघाली होती, पण मधेच कुणीतरी तिला हाक मारली.

सभागृह चारला दुसऱ्यांना द्यायचं होतं, त्याआधी टेबल वरच्या मजल्यावर पोचवायचं होतं. मावशींनी अर्धा कप खाली ठेवला आणि टेबल ढकलायला घेतलं. एक चाक अडत होतं, ते पायानं सारत सारत त्या लिफ्टपर्यंत गेल्या. पुढचा प्रयोग शुक्रवारी होता.