न फुटलेला राजगिरा

आमच्या साडूंइतका खाली बघून चालणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नसेल. लोक मान खाली घालून चालतात ते लाजेने, नाहीतर मोबाइलमुळे. आमचे साडू चालतात ते गोगलगायींसाठी. त्यातही परसातल्या अळूवर दिसणारी बोटभर गोगलगाय त्यांना चालत नाही. "ती काय, कुणालाही दिसते," असं ते जरा तुच्छतेनेच म्हणतात. त्यांची गोगलगाय पूर्ण वाढलेली, नातवंडं-पतवंडं झालेली असली तरी राजगिऱ्याच्या दाण्याहून मोठी नसते. तेवढ्याशा जिवाला शंख असतो, शंखाला वेढे असतात, तोंडात दात आणि खालच्या बाजूला चक्क बेंबी असते, हे ज्ञान मला त्यांचा साडू झाल्यामुळेच मिळालं. नाहीतर मी तसाच गेलो असतो.

नोकरी त्यांनी भिवपुरीच्या वीजघरात केली. तिथे आयुष्यभर मापकाचे काटे बघितले. काटा केसभर हलला तरी ओळखायचा, या सवयीने त्यांचे डोळे असे झाले असावेत, असा माझा अंदाज आहे. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देतात. यांनी घड्याळजीचं भिंग, चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश आणि ताईंची रव्याची चाळणी एवढं सामान पिशवीत घातलं आणि जुन्या भिंती हुडकत निघाले. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. चाळणी परत मिळायची आशा सोडून त्यांनी लगेच दुसरी आणली. जुन्याच भिंती का, तर गोगलगायीला शंख बांधायला चुना लागतो आणि आपला सगळा मुलूख काळ्या कातळाचा. चुनखडीच्या डोंगरात जन्मलेल्या गोगलगायी नशीबवान. आमच्याकडच्यांनी बिचाऱ्यांनी जायचं कुठे? जिथे जुन्या लोकांनी दगडांच्या सांध्यात चुना भरलाय तिथे. देवळाचा चौथरा, पडका पूल, विहिरीचा काठ. हे सगळं ते इतक्या कळकळीने सांगतात की ऐकणाऱ्याला आपणच घर शोधत फिरतोय असं वाटू लागतं.

खालापूरला साडूंच्या पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुलाचे काका गायब. देवळामागे बघतो तर साडू नव्या सदऱ्यासह चौथऱ्याशी पालथे पडलेले, हालचाल नाही. वऱ्हाडातल्या कुणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. ते शांतपणे म्हणाले, "कांदा लांब धरा, ती आत जाईल." तेव्हापासून आमच्या घरच्या लग्नात कार्यालय ठरवताना ते सिमेंटचं आहे ना, हे ताई आधी बघतात.

नातेवाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. भोवरे राहतात. शंख डाव्या वळणाचा की उजव्या हे बघायची सवय लागलेली, त्यामुळे समोरच्याने नमस्काराला डोकं वाकवलं की आशीर्वादाआधी यांची नजर केसांतल्या भोवऱ्यावर जाते. माझी नात जन्मली तेव्हा सगळे नाक कुणासारखं यावर भांडत होते. साडूंनी टाळू बघितली आणि समाधानाने सांगितलं, "डावरी आहे. जपा." सूनबाई पुढे आठवडाभर काळजीत होती. "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "पोटात पाय नव्हे, पोटच तिचा पाय," असं सांगून ते म्हणीतली बदनामी दर वेळी धुऊन काढतात. आणि इतकं करून नव्या जातीचा हव्यास अजिबात नाही. एका शंखाच्या तोंडात त्यांना एक दात जास्त दिसला. सबंध हिवाळा त्या दाताने खाल्ला. शेवटी ओल्या ब्रशने पुसला, तर निघाली माती. मी हळहळलो, हे मात्र खुशीत: "सुटलो हो! एक जात कमी झाली."

अशा माणसाला कुंभिवलीच्या पलीकडच्या एका गावातल्या विहिरीने वेड लावलं. दगडी विहीर, सांध्यांत जुना चुना, आणि त्या चुन्यात एक गोगलगाय, जी त्यांच्या कुठल्याच ओळखीत बसेना. काठावर वाकलेले असताना विहिरीची मालकीण कळशी घेऊन आली.

"काका, काय पडलंय का तुमचं हितं?"

"नाही हो, गोगलगाय बघतोय."

"ह्यवडीशी? मोठ्या पायजेत तं आमच्या वालाच्या शेतात चला. बादलीभर देते."

"मला हीच पाहिजे."

"बरं, बघा. पर लय वाकू नका. तुमी पडलाव तं काढाया मी मानसं कुठून आनू?"

चिमूटभर रिकामे शंख घेऊन ते घरी आले. पुण्याच्या एका जाणकार बाईंना ते दाखवायचे ठरले. पण पुढच्या खेपेला जाऊन बघतात तर विहीर आतून-बाहेरून सिमेंटने गुळगुळीत झालेली. "भित पडाया आलीवती, काका. पोरं हितंच खेळतात," मालकीण म्हणाली. साडू म्हणाले, "बरोबर केलंत." ते खरंच बरोबर होतं. घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत. आता त्या गोगलगायीचा जगात जो काही पुरावा होता, तो त्यांच्या एका डबीत होता.

पावसाळ्यात कर्जतला बुरशी माणसालाही सोडत नाही, तिथे शंखाची काय कथा. म्हणून डबी घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवलेली, शेगडीवरच्या फळीवर. वर चिकटवलेला कागद वाफेने कधीच गळून पडला होता. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी संकष्टी होती. मी चहाला गेलो तर ताई कढईत राजगिऱ्याच्या लाह्या फोडत होत्या. "बघा ना भावोजी, एका डबीत तळाशी चिमूटभर उरला होता, म्हटलं तोही संपवून टाकू. जुना दिसतोय, फुटतच नाही मेला." आणि फडक्याचा बोळा त्यांनी कढईत आणखी दाबून फिरवला.

तेवढ्यात साडू आत आले. त्यांनी फळीकडे बघितलं, मग कढईकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पाटावर बसले. ताईंच्या हातातला बोळा तसाच राहिला. "अहो... ते होते?" एवढंच त्या बोलल्या.

पण चाळीस वर्षं लाह्या केलेल्या बाईचे हात फार वेळ थांबत नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, चाळणी ओढली. फुटलेल्या लाह्या वर राहिल्या, गणंग खाली पडले. ते काळ्या पाटीवर पसरून आम्ही तिघं भोवती बसलो. साडू ब्रशाने एकेक कण पुढे ओढत, भिंगाखाली बघत. "राजगिरा." "राजगिरा." "हा फुटलाय... शंख होता." ताईंनी डोळ्यांना पदर लावला. पुन्हा "राजगिरा." आणि मग एका कणावर ते थांबले. भिंग हलेना.

"वेढे आहेत," साडू म्हणाले. "दातही आहेत. बेंबी उघडी आहे. अगं, आहे ही! अख्खी आहे!"

ताई हसता हसता रडू लागल्या. मला इतकं सुटल्यासारखं झालं की उपास विसरून मी फळीवरचं बिस्कीट खाल्लं आणि कुणी बोललंही नाही. आणखी दोन धड शंख सापडले. पुण्याच्या बाईंनी तिन्ही आपुलकीने बघितले, आणि असा शंख आपण पाहिलेला नाही, पण खात्रीने सांगायला जिवंत जीव बघावा लागेल, असं सांगितलं. जाता जाता, हे शंख भाजल्यासारखे का दिसतात, असंही विचारलं. साडूंनी विषय बदलला. आता ती डबी ताईंनी स्वतः देव्हाऱ्यात ठेवली आहे, पूजेच्या शंखाशेजारी. फुलं वाहताना एक पाकळी तिच्यावरही पडते.

जिवंत जीव मात्र अजून मिळालेला नाही. परवा साडूंबरोबर मीही त्या विहिरीवर गेलो. मालकीण कळशी टेकवून म्हणाली, "आले का काका? अजून नाय आली बरं ती. मी रोज पानी काढताना बघते." साडूंचा चेहरा असा उजळला, जणू ती आलीच आहे.

"सिमेंटातही चुना असतोच," ते भिंतीवर हात फिरवत म्हणाले. "येईल. तिला यायला जरा वेळ लागतो, एवढंच."

मग आम्ही तिघंही त्या करड्या भिंतीवर वाकून बघत राहिलो.