बंद दाराआडचं पिल्लू

दादरच्या ज्या चष्म्याच्या दुकानात मी कामाला आहे, त्याच्या मागच्या गल्लीत एका स्कूटरखाली मांजराचं ते पिल्लू सापडलं. पांढरं, शेपटीपाशी काळा डाग. डबा काढून ठेवलेल्या पिशवीत घालून मी ते लालबागला घरी आणलं.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांच्यामागे आमची जुनी मांजर, मनी, उभी होती. चाळ पाडली तेव्हा सासूबाईंनी तिला छातीशी धरून नव्या बिल्डिंगमध्ये आणलं होतं. आता ती थकलीये, फ्रीजवरसुद्धा एका उडीत चढत नाही. पिशवीचा वास घेतला आणि ती अशी फिस्कारली की मी मागे सरकले.

सासूबाई रागावल्या की मालवणीत बोलतात. "ह्यां कित्याक हाडलंस? आमचां म्हातारां झालां म्हणान?"

"मनी म्हातारी झाली म्हणून नाही आणलं हो आई. रस्त्यावर होतं बिचारं."

त्या मनीला उचलून आत गेल्या. त्यांना माझं पटलेलं नाही, हे मला कळलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस दोघांना वेगळं ठेवा, फडक्यांची अदलाबदल करून एकमेकांचा वास ओळखीचा होऊ द्या, घाई करू नका. म्हणून पिल्लू बेडरूममध्ये, दार बंद. मनी दाराखालच्या फटीशी नाक लावून तासन् तास बसायची. तिचं जेवण कमी झालं. मला वाटायचं, ही संधीची वाट बघतेय.

मग एका संध्याकाळी पिल्लाच्या कानावर ओरखडा दिसला. ताजा. दार तर बंद होतं.

"आई, दार उघडलेलंत?"

"मी कशाला उघडू?" त्या मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही.

त्यानंतर माझं लक्ष उडालं. कामावर असले तरी डोळ्यांसमोर ते पिल्लूच. आल्याआल्या त्याला उलटंपालटं करून तपासायचे. एकदा त्याच्या फडक्यावर मनीचे राखाडी केस मिळाले. ते फडकं मी सकाळीच धुतलेलं घातलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आता माझ्या आईवर पाळत ठेवणार काय?" माझ्या मनात मात्र तेच होतं. मांजर आणि सासूबाई दोघी मिळून पिल्लाला हाकलायला बसल्यात, असं वाटू लागलं होतं.

एका दुपारी डोकं दुखतंय सांगून मी लवकर निघाले. कुलूप आवाज न करता उघडलं.

बेडरूमचं दार सताड उघडं. उंबऱ्यात सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला मनी, दुसऱ्या बाजूला पिल्लू, आणि दोघांसमोर उकडलेल्या बांगड्याचे तुकडे. मला पाहताच मनी पलंगाखाली गेली.

"बघ. तू आलीस की ती बिथरते," त्या म्हणाल्या.

मी कानाचं विचारलं. मग त्यांनी सांगितलं. पिल्लू दिवसभर रडायचं, ऐकवेना, म्हणून त्यांनीच दार उघडलं. मनीने फटकारलं. त्या घाबरल्या. मला कळलं तर मी मनीला कुठेतरी नेऊन सोडीन, अशी त्यांना भीती वाटली. म्हणून मग रोज दुपारी स्वतः मध्ये बसून दोघांना भरवायच्या.

"मी मनीला सोडीन? असं वाटलं तुम्हाला?"

"नवं आणलंस ना."

मी खाली बसले, आणि त्यांनी ताटलीतला एक तुकडा माझ्या हातात दिला. तो मी पलंगाखाली धरला. बराच वेळ मनी आली नाही.

आता दार उघडंच असतं. दोघांची मैत्री वगैरे काही झालेली नाही. पिल्लू जवळ गेलं की मनी पंजा उचलते, मारत मात्र नाही. जेवताना पाठीला पाठ लावून बसतात, आणि मनी मध्येच वळून त्याच्या वाटीत काय आहे ते बघून घेते.