सराव शाळेतली सुपारी

श्रीवर्धनच्या आमच्या सराव शाळेतल्या चौथीइतका प्रशिक्षित वर्ग साऱ्या कोकणात नसेल. डी.एड.ची प्रत्येक तुकडी त्या पोरांवरच हात साफ करायची. पहिलीपासून दर महिन्याला कोणीतरी होतकरू मास्तर येऊन, दगड बुडतो हे त्यांना सांगून गेलेला.

माझा तो परीक्षेचा पाठ. नापास झालो तर वर्ष वाया. मागच्या बाकावर आमच्या प्राध्यापिका बाई लाल पेन उघडून बसलेल्या.

"मुलांनो, समुद्रात तुम्ही काय काय पाहता?" मी प्रस्तावना सुरू केली.

"होडी तरंगते, दगड बुडतो, आजचा आपला विषय तरंगणे आणि बुडणे," सगळा वर्ग एका सुरात.

पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आता पाण्याचं घमेलं काढा."

"काढतोच आहे गं."

"मागचे सर इथे घाम पुसायचे."

मीही पुसला. पाच मिनिटांत पाठ संपला, तास मात्र अजून मारुतीच्या शेपटासारखा पुढे पसरलेला. खिशात हात घातला तर खोलीमालकांच्या अंगणात वाळत घातलेली सुपारी, सालासकट. तिथे कशी आली ते विचारू नका.

"ही काय करेल?"

वर्ग असा गप्प झाला, की बाहेर समुद्रानेही लाट आवरती घेतली.

"तुम्हाला माहितीये ना?" मुलीने संशयाने विचारलं.

"नाही." आणि शपथेवर सांगतो, नव्हतंच माहीत.

मग बाकं रिकामी झाली. "बुडणार, जड असते." "ती सोललेली रे, येड्या." पाण्यात टाकली, तरंगली. पाठातल्या दगडाने साल फोडून आतली टाकली, ती तळाला. आता कोण ओरडतंय आणि कोण शिकवतंय, कळेना. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून बाईंचा आवाज आला, "आणि अर्धंच साल काढलं तर?"

मुलीच्या दप्तरातून दुसरी सुपारी निघाली, आणि घंटा झाली.

बाहेर बाई म्हणाल्या, "पाठाचा टाचणाशी काडीचा संबंध नव्हता. पास केलंय. अर्ध्या सालाचं काय झालं ते उद्या सांगा."

पुढच्या वर्षी नव्या तुकडीतला एक जण त्याच पोरांच्या पाचवीतून हिरमुसून आला. म्हणाला, घमेलं ठेवतो न ठेवतो तोच पोरं म्हणाली, "सर, आता खिशातली सुपारी काढा. मग आम्ही गप्प होतो."