एकाच बिस्किटाचे दोन डबे

वृंदा देवधर यांनी स्टीलचे दोन डबे माझ्या टेबलावर ठेवले आणि झाकणे उघडली.

"या डब्यातली चालतात. या डब्यातली चालत नाहीत. दोन्ही तुमचीच आहेत."

दोन्हींत आमच्या कारखान्याची अ‍ॅरोरूट बिस्किटे होती. तोच गोल आकार, तीच नक्षीची कड, मधली तीच भोके. चालत नाहीत म्हणजे काय, असे मी विचारले.

"माझा मुलगा खातो आणि त्याचे ओठ सुजतात. अंगावर गांधी उठतात. गेल्या वेळी श्वास लागला, इंजेक्शन द्यावं लागलं. दोन वर्षांचा आहे तो."

मुलाचे नाव सोहम. त्याला काजू आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. अशा मुलाचे शरीर त्या पदार्थाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढायला उठते. त्यासाठी मूठभर काजू लागत नाहीत, कणही पुरतो. ज्या पुड्यातले बिस्किट खाऊन त्रास झाला, त्यातली उरलेली बिस्किटे वृंदाताईंनी एका डब्यात ठेवली होती. ज्या पुड्यांनी काही झाले नाही, त्यांतली थोडी दुसऱ्यात.

मी त्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची केमिस्ट होते. हैदराबादच्या कडेला औद्योगिक वसाहत होती, तिथे. नव्वदचे दशक होते. वृंदाताईंचे यजमान एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागले होते, म्हणून हे कुटुंब पुण्याहून येऊन नल्लकुंट्यात भाड्याने राहत होते. पुड्यावरचा पत्ता वाचून बाई बस बदलत गेटवर आल्या. कंपनीत तक्रार घेणारा विभाग नव्हता. वॉचमनने त्यांचे बोलणे ऐकले आणि मराठी बोलणाऱ्या मॅडमकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवून दिले.

"इथे त्याला कुणाकडे नेता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "चटणीत शेंगदाणे, सालनमध्ये शेंगदाणे, उपम्यात काजू. नको म्हटलं की शेजारच्या आंटी म्हणतात, 'अरे अम्मा, दो काजू से क्या होता? ताकत आती.' तुमचं अ‍ॅरोरूट ही एकच बाहेरची गोष्ट तो खातो. बाकीच्या मुलांच्या हातात असतं तेच याच्याही हातात असतं. ते बंद करायचं का, एवढंच सांगा."

अ‍ॅरोरूटच्या पुड्यावर मैदा, साखर, अ‍ॅरोरूट, वनस्पती तूप आणि मीठ लिहिलेले होते. रेसिपीही तीच होती, ती माझ्याच कपाटात असे. मी त्यांना डबे ठेवून जायला सांगितले.

आधी नेहमीच्या टेस्ट केल्या. ओलावा, स्निग्धांश, मीठ. दोन्ही डबे पास झाले. यात नवल नव्हते. टेस्ट जेवढे विचारते तेवढेच उत्तर देते, आणि काजू आहे का असे विचारणारी टेस्ट आमच्याकडे नव्हती.

मग एक साधी गोष्ट केली. दोन्ही डब्यांतली बिस्किटे वेगवेगळ्या बीकरमध्ये चुरली, गरम पाणी ओतले, वर काचेची चकती झाकली. थोड्या वेळाने चकती उचलून वास घेतला. चालणाऱ्या बिस्किटांच्या बीकरला भिजलेल्या मैद्याचा वास होता. दुसऱ्याला वेलचीचा, अगदी पुसट. खात्रीसाठी शेजारच्या सहकाऱ्याला काही न सांगता वास घ्यायला लावला. तो म्हणाला, "ये तो काजूवाला कुकी है."

तिथून कोडे सुरू झाले. वेलची आमच्या एकाच मालात पडत असे, काजू कुकीत. बाजार खुला झाल्यावर दुकानांत चकचकीत वेष्टनांतली बिस्किटे दिसू लागली होती. आपलेही काहीतरी भारी हवे म्हणून कंपनीने ही कुकी काढली होती. पण तिचा मिक्सर वेगळा, ओव्हन वेगळा, शेडही वेगळी. स्टोअरमधून काजू फक्त त्या शेडला जात. मधे भिंत होती. काजू भिंत ओलांडून अ‍ॅरोरूटमध्ये येत कसा होता?

प्रथम मैद्याच्या चाळणीवर संशय घेतला. ती दोन्ही शेडना सामाईक होती. पण मैदा तिथून पुढे जाई, मागे येत नसे. मग पॅकिंग पाहिले. तिथे बिस्किटांना बिस्किटे लागतात, पण वेलची आतून येत होती. शेवटी अ‍ॅरोरूटच्या मिक्सरपाशी जाऊन उभी राहिले. मिक्सर यादगिरी चालवत असे. त्याने मैदा ओतला, साखर ओतली, तूप ओतले. मग कोपऱ्यातल्या पोत्यातून फिकट तपकिरी पूड घेऊन तीही ओतली.

"यादगिरी, यात काजू कोण घालतं?"

"काजू?" तो हसला. "काजू कौन डालता मॅडम, इसमें? मैदा, शक्कर, डालडा. बस."

"आणि ही पूड?"

"ये तो डस्ट है."

डस्ट म्हणजे धूळ नव्हे. बिस्किटे भाजताना आणि भरताना तुटतात. तुटलेला माल विकता येत नाही, पण तो चांगलाच असतो. म्हणून तो दळून पुढच्या कणकेत थोडा थोडा मिसळतात. सगळे कारखाने हे करत आणि मलाही ते माहीत होते. इतकी वर्षे त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. आमची सगळी बिस्किटे मैदा, साखर आणि तुपाचीच होती. आपलेच बिस्किट आपल्याच बिस्किटात जाई. ते बाहेरून विकत आणलेले नसे, म्हणून रेसिपीत त्याची ओळ नव्हती.

काजू कुकी खुसखुशीत होती. खुसखुशीत वस्तू फार तुटते. तो चुराही अ‍ॅरोरूटचा चुरा दळणाऱ्या चक्कीतच दळला जात होता. रंग फिका म्हणून तो अ‍ॅरोरूटमध्ये खपत होता. कुकीची पाळी झाली की पुढचे काही घाणे अ‍ॅरोरूट वेलचीचे निघे. मग पुन्हा साधे. वृंदाताईंचे दोन डबे असे तयार झाले होते.

मी प्रॉडक्शन मॅनेजर राव यांच्या केबिनमध्ये गेले. सेल्सचे माजिदभाई तिथेच चहा पीत बसले होते. मी दोन्ही बीकर टेबलावर ठेवले.

राव म्हणाले, "डस्ट अपना ही माल है. बाहर का कुछ है क्या उसमें?"

"काजू आहे, सर. पुड्यावर नाही."

माजिदभाईंनी कप खाली ठेवला. "अ‍ॅरोरूट में काजू? और हम बताए नहीं? कमाल करते मॅडम! लिखो ना पुडे पे, लोगां दौड़ के लेते."

"एका मुलाला त्यानं इंजेक्शन घ्यावं लागलं."

"काजू से?" त्यांचा चेहरा खरोखरच बुचकळ्यात पडला. "हमारे यहाँ तो काजू खाने को बच्चे रोते."

राव हसले नाहीत. "एक बच्चे के वास्ते मैं चक्की बंद करूँ? बाई को बोलो, टेस्ट किया, माल ओके है."

"सर, अ‍ॅरोरूट कोण घेतं? ताप आलेली माणसं, बाळंतिणी, दात येणारी मुलं. डॉक्टर सांगतात, दुसरं काही देऊ नका, अ‍ॅरोरूट द्या. त्यात दुसरं काहीतरी आहे, हे आपण डीलरला सांगू शकू का?"

रावांनी बीकर उचलून एकेकाचा वास घेतला. दुसऱ्याचा दोनदा घेतला.

"कुकी का डस्ट कुकी में ही जाएगा," ते म्हणाले. "आज से. बाई को आप घर जा के बोलो. लिख के कुछ मत देना."

मी सुटीच्या दिवशी नल्लकुंट्याला गेले. सोहम दारातच उभा होता. माझ्या हातातल्या पिशवीत काय आहे, हे त्याला आधी बघायचे होते. मी वृंदाताईंना चक्की, चुरा, पोते, सगळे सांगितले.

"म्हणजे आता काजू नाही?"

"आता आम्ही घालत नाही."

"घालत तर तुम्ही आधीही नव्हता."

चक्की तीच होती, पोती तीच होती, दुकानांत जुना माल होता. त्यांनी सरळ विचारले, "तुम्ही माझ्या जागी असता तर दिलं असतं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. आत जाऊन फडताळातला शिल्लक पुडा काढला आणि केराच्या टोपलीत टाकला. सोहमने ते पाहिले आणि भोकाड पसरले.

रेसिपी घरच्या मापाने कशी करायची, ते मी येण्याआधी बसवून ठेवले होते. पिशवीत अ‍ॅरोरूटचे पीठ होते आणि आमच्या वर्कशॉपमधून मागून आणलेला, बिस्किटे कापायचा एक बाद झालेला कटर होता. पितळेचा, घासून उकळून घेतलेला. वृंदाताईंनी कणीक मळली. विजेच्या गोल ओव्हनमध्ये पहिला घाणा जरा करपला. दुसरा जमला. 

गार झालेले बिस्किट सोहमच्या हातात दिले. त्याने ते लगेच खाल्ले नाही. उलटून पाहिले. कडेच्या नक्षीवरून बोट फिरवले, मधल्या एका भोकात नख घालून बघितले. मग बिस्किट धरून तो जिन्यात गेला. तिथे शेजारची मुले बसली होती. त्यांच्याकडे एकदा बघून त्याने चावा घेतला.

वृंदाताई दारात उभ्या राहून त्याच्या ओठांकडे बघत होत्या. बराच वेळ. ओठ सुजले नाहीत.

त्यानंतर मी आणखी दोन कारखान्यांत नोकरी केली. यात काय आहे, असे कुणी विचारले की बहुतेक केमिस्ट रेसिपी काढून दाखवतात. मी मिक्सरपाशी जाऊन उभी राहते. रेसिपी आपण काय घालायचे ठरवले ते सांगते. बिस्किटात काय गेले, हे तिला माहीत नसते.